विश्लेषण : ऊसगाड्यांची रांग, टोलनाका आणि व्हॉट्सॲप... रांगेचे गणित मांडणारे एर्लांग कोण होते?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एक दृश्य नेहमीचे असते. रेठरे बुद्रुक असो, साखराळे असो की यशवंतनगर, कारखान्याच्या यार्डात उसाने भरलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या नंबर लागण्याची वाट पाहत उभ्या असतात. महामार्गावर आणेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवर सुट्टीच्या दिवशी वाहने खोळंबतात. आणि तुमच्या हातातल्या मोबाइलवर नेटवर्क नसताना आलेले मेसेज कुठेतरी सर्व्हरवर थांबून राहतात, रेंज आली की एकामागोमाग येतात. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रांग. संगणकाच्या भाषेत क्यू.

रांग किती लांबेल, किती वेळ थांबावे लागेल, किती खिडक्या उघडल्या म्हणजे काम भागेल, हे आधीच हिशेबाने सांगता येते. तो हिशेब शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या एका गणिताच्या शिक्षकाने मांडला. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्यांचे नाव. आज दूरसंचार क्षेत्रातले एक मापनाचे एकक आणि प्रोग्रॅमिंगची एक भाषा त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे आयुष्य, त्यांचे गणित आणि त्यावरून आपल्या कामाची क्यू कशी रचायची, हे समजून घेऊ.

कोण होते एर्लांग?

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचे कामही पाहत. आईच्या घराण्यात पूर्वी गणिती होऊन गेले होते. घरात एक मोठा भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी भाऊ पुस्तक वाचायला बसला की आग्नर त्याच्या समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचत, अशी त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगतात. आकाशातल्या ताऱ्यांचे वेडही तेव्हापासूनचे.

वयाच्या १४ व्या वर्षी त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी असल्याने बसण्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. पास मात्र ते चांगल्या गुणांनी झाले. त्यानंतर गावी परत येऊन त्यांनी वडिलांच्याच शाळेत दोन वर्षे शिकवले. पुढच्या शिक्षणाला घरचा पैसा पुरणारा नव्हता. १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन पदवी पूर्ण केली. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे जोडीचे विषय होते.

खेड्यातला मास्तरांचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शहरात शिकायला गेलेला. सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांत ही गोष्ट ओळखीची वाटेल.

शिक्षक टेलिफोन कंपनीत कसा पोहोचला?

पदवीनंतर एर्लांग यांनी सुमारे सात वर्षे वेगवेगळ्या शाळांत शिकवले. स्वभाव शांत, फारसे कुणात न मिसळणारा. पण गणिताचा अभ्यास सुटला नव्हता. डॅनिश गणिती संघटनेच्या बैठकांना ते जात. तिथे त्यांची ओळख योहान येन्सेन यांच्याशी झाली. गणितात ज्यांच्या नावाची असमानता आजही इंजिनीअरिंगला आणि एमएस्सीला शिकवली जाते, तेच हे येन्सेन. ते पोटापाण्यासाठी कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते आणि गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता.

येन्सेन यांनी एर्लांग यांची गाठ कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक योहानसेन यांच्याशी घालून दिली. योहानसेन यांना स्वतःलाच एक प्रश्न सतावत होता : एक्स्चेंजमध्ये नेमक्या किती लाइन आणि किती ऑपरेटर ठेवायचे? संभाव्यतेच्या गणिताने याचे उत्तर मिळेल असे त्यांना वाटत होते. १९०८ मध्ये त्यांनी एर्लांग यांना कंपनीत घेतले आणि लवकरच तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे दिली.

हे काम फक्त टेबलावरचे नव्हते. जमिनीखालच्या केबलमधली विजेची गळती मोजण्यासाठी एर्लांग कोपनहेगनच्या रस्त्यांवरची मॅनहोल उघडून खाली उतरत. मागे शिडी घेऊन एक कामगार चाले. हा काळ टेलिफोनच्या सुरुवातीचा. मोजमाप करायला लागणारी पद्धत, तक्ते, प्रसंगी उपकरणांची रचना, सगळे त्यांनाच उभे करावे लागले.

प्रश्न नेमका काय होता?

त्या काळी टेलिफोन उचलला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर बोले आणि हाताने वायर जोडून देई. एका गावातून शहराकडे जाणाऱ्या समजा ३ लाइन आहेत. तिन्हींवर बोलणे सुरू असेल तर चौथ्याला थांबावे लागणार किंवा त्याचा कॉल वाया जाणार. लाइन वाढवाव्यात तर तांब्याच्या तारांचा खर्च मोठा. कमी ठेवाव्यात तर लोक चिडणार, आणि डॉक्टरला केलेला कॉलही लागणार नाही.

साधा हिशेब इथे फसतो. तासाला ६० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो. म्हणजे तासाभरात १८० मिनिटांचे बोलणे. एका लाइनवर तासाला ६० मिनिटे बोलता येते, म्हणजे ३ लाइन पुरतील, असे वाटते. पण कॉल घड्याळ लावून दर मिनिटाला एक असे येत नाहीत.

एर्लांग यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हेच दाखवले. एकमेकांशी संबंध नसलेले लोक आपापल्या मर्जीने फोन करतात, तेव्हा कॉल येण्याची संख्या पॉइसन वितरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने चालते. मिनिटाला सरासरी १ कॉल असेल, तर १०० मिनिटांपैकी साधारण ३७ मिनिटांत एकही कॉल येत नाही, ३७ मिनिटांत एक येतो, १८ मिनिटांत दोन येतात आणि सुमारे ८ मिनिटांत तीन किंवा त्याहून अधिक एकदम येतात. रिकाम्या मिनिटात वाया गेलेली लाइन गर्दीच्या मिनिटात परत मिळत नाही. त्यामुळेच रांग लागते किंवा कॉल तुटतो.

एर्लांग यांनी काय उत्तर दिले?

१९१७ मध्ये एर्लांग यांनी त्यांचा सर्वांत महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. त्यात दोन सूत्रे होती. लाइन मोकळी नसेल तर कॉल वाया जातो, अशा ठिकाणी किती टक्के कॉल वाया जातील, हे पहिले सूत्र सांगते. लाइन मोकळी होईपर्यंत थांबायची सोय असेल, तर थांबावे लागण्याची शक्यता किती, हे दुसरे.

वरचेच उदाहरण पहिल्या सूत्रात घालून पाहू. तासाला ६० कॉल, प्रत्येकी सरासरी ३ मिनिटे :

३ लाइन : सुमारे ३५ टक्के कॉल वाया
४ लाइन : सुमारे २१ टक्के
५ लाइन : सुमारे ११ टक्के
६ लाइन : सुमारे ५ टक्के
७ लाइन : सुमारे २ टक्के
८ लाइन : १ टक्क्याहून कमी

म्हणजे साध्या हिशेबाने ज्या ३ लाइन पुरतील असे वाटत होते, त्यावर दर तीनातला एक जण फोन न लागता परत जातो. आणि ८ लाइन टाकल्या तर जवळपास सगळ्यांचे काम होते. किती खर्च केला तर किती लोकांची सोय होईल, हे कंपनीला आता आधीच कळू लागले.

या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. दोन गावांना प्रत्येकी ५ लाइन स्वतंत्र दिल्या, तर प्रत्येक गावात ११ टक्के कॉल वाया जातात. त्याच १० लाइन दोन्ही गावांनी मिळून वापरल्या, तर वाया जाणारे कॉल ४ टक्क्यांच्या आसपास येतात. एकही नवी तार न टाकता. एका गावात गर्दी असते तेव्हा दुसऱ्या गावाची लाइन रिकामी असू शकते, एवढेच त्यामागचे कारण. बँकेत किंवा रेल्वे स्टेशनवर प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सगळ्यांची एक रांग करून मोकळ्या खिडकीकडे पाठवतात, त्यामागे हेच गणित आहे.

एर्लांग यांचे लेखन त्रोटक असे. सिद्धता बऱ्याचदा पूर्ण लिहिलेली नसे. तरीही ब्रिटनच्या पोस्ट खात्याने आपल्या टेलिफोन व्यवस्थेसाठी त्यांचे सूत्र स्वीकारले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक त्यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला, असेही सांगतात.

रांग एकाएकी का लांबते?

एर्लांग यांचे गणित ऊसगाड्यांना लावून पाहू. समजा यार्डात एकच गव्हाण आहे आणि एक गाडी रिकामी व्हायला बरोबर ६ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला जास्तीत जास्त १० गाड्या. गाड्या कुठल्याही वेळी, एकमेकींशी संबंध न ठेवता येतात असे धरू. मग एका गाडीला सरासरी किती थांबावे लागेल?

तासाला ५ गाड्या आल्या तर : ३ मिनिटे
८ गाड्या आल्या तर : १२ मिनिटे
९ गाड्या आल्या तर : २७ मिनिटे
साडेनऊ, म्हणजे दोन तासांत १९ गाड्या आल्या तर : ५७ मिनिटे

८ वरून साडेनऊवर जाताना गाड्या वाढल्या जेमतेम १९ टक्के, पण थांबणे वाढले जवळपास पाचपट. आणि तासाला १० गाड्या येऊ लागल्या, तर रांग कधीच स्थिर होत नाही, वाढतच जाते. यंत्रणा शंभर टक्के वापरात ठेवायची असा हट्ट धरला की रांग हाताबाहेर जाते. थोडी क्षमता मोकळी ठेवावीच लागते.

ही नुसती आकडेमोड नाही. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटते आणि साखरेचा उतारा उतरतो. म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असा आग्रह धरला जातो. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. बीड किंवा जतकडून आलेल्या ऊसतोड टोळीची मजुरीही टनावरच असते. गाडी यार्डात अडकली की दुसऱ्या दिवशी फडात गाडी वेळेवर पोहोचत नाही, तोडणी थांबते आणि टोळीचा दिवस बुडतो. रांगेतला एक एक तास कुणाच्या तरी खिशातून जातो.

रांगेतही मान असतो का?

आधी आला तो आधी, हा रांगेचा मूळ नियम. पण सगळ्या रांगा अशा नसतात. एसटीडी येण्यापूर्वी सातारा-सांगलीच्या गावांतून मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाशी बोलायचे, तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. त्यात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. जास्त पैसे भरणाऱ्याचा कॉल आधी जोडला जाई. साधा कॉल बुक केलेला माणूस तासन्‌तास पोस्टात बसून राही. संगणकशास्त्रात अशा रांगेला प्रायॉरिटी क्यू म्हणतात. दवाखान्यात केसपेपरची रांग असतानाही अपघाताचा रुग्ण थेट आत नेतात, तोही याच प्रकारात येतो.

प्राधान्याच्या रांगेत एक धोका असतो. वरच्या दर्जाचे कॉल येतच राहिले, तर खालच्याचा नंबर कधीच लागत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये याला उपासमार म्हणतात. त्यावर उपाय असा की, थांबलेल्याचा दर्जा वेळेनुसार हळूहळू वाढवत न्यायचा. मग तो कधी ना कधी पुढे येतोच.

प्रोग्रॅममध्ये क्यू कशी बनवतात?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला क्यू शिकवतात, तेव्हा ती फार सोपी वाटते. मागून भरायचे, पुढून काढायचे. पण प्रत्यक्ष लिहायला बसले की पहिला प्रश्न येतो तो पुढे सरकण्याचा.

माणसांच्या रांगेत पहिला गेला की मागचे सगळे एक एक पाऊल पुढे सरकतात. संगणकाच्या मेमरीत असे केले, तर १०,००० नोंदी असताना एक काढली की उरलेल्या ९,९९९ हलवाव्या लागतात. हा वेळेचा अपव्यय आहे. त्यापेक्षा यार्डातली टोकनची पद्धत चांगली. गाड्या जिथे आहेत तिथेच उभ्या राहतात, फक्त पुकारायचा नंबर पुढे जातो.

प्रोग्रॅमर हेच करतात. समजा ८ कप्पे आहेत, ० ते ७ क्रमांकाचे. पुढे नावाचा एक आकडा कुठून काढायचे ते सांगतो आणि मागे नावाचा दुसरा आकडा कुठे भरायचे ते सांगतो. नोंद भरली की मागे एकाने वाढतो, काढली की पुढे एकाने वाढतो. आकडा ७ च्या पुढे गेला की परत ० वर येतो, घड्याळाचा काटा बारावरून पुन्हा एकवर यावा तसा. याला वर्तुळाकार क्यू म्हणतात. नोंदी १० असोत की १० हजार, भरायला आणि काढायला तेवढाच वेळ लागतो.

इथे एक गोची आहे. पुढे आणि मागे हे दोन्ही आकडे सारखे झाले, तर क्यू रिकामी आहे की पूर्ण भरली आहे? दोन्ही वेळा ते सारखेच दिसतात. त्यावर दोन उपाय आहेत. आत किती नोंदी आहेत याचा आकडा वेगळा ठेवायचा, किंवा एक कप्पा कायम रिकामा सोडायचा. परीक्षेत आणि मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

ऊसगाड्यांसाठी आपली क्यू रचायची तर?

तयार क्यू जवळजवळ प्रत्येक भाषेत मिळते. मग स्वतःची कशाला रचायची? कारण तयार क्यूला आपल्या कामाचे नियम माहीत नसतात. यार्डासाठी क्यू लिहायची, तर आधी चार प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतील.

पहिला : नोंदीत काय काय ठेवायचे? गाडी गेटवर कधी आली हे तर हवेच. पण ऊस कधी तोडला, ही वेळ जास्त महत्त्वाची. दुपारी आलेल्या गाडीतला ऊस आदल्या रात्री तोडलेला असू शकतो.

दुसरा : कोण आधी? अनेक कारखान्यांत बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या रांगा वेगळ्या असतात. बैलांना तासन्‌तास जुंपलेले ठेवता येत नाही. आपल्या क्यूमध्ये आत तीन छोट्या क्यू ठेवता येतील आणि ठरलेल्या प्रमाणात आळीपाळीने नंबर देता येईल. उदाहरणार्थ, तीन ट्रॅक्टरमागे एक बैलगाडी. म्हणजे कुणाचीच उपासमार होत नाही.

तिसरा : यार्ड भरले तर काय? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मर्यादा नसलेली क्यू दिसायला उदार, पण ती अडचण लपवते. यार्डात जागा नसताना फडात तोड सुरूच राहिली, तर ऊस रस्त्यावर वाळणार. त्याऐवजी क्यू ठरावीक पातळीला भरली की शेतकी विभागाला निरोप गेला पाहिजे, आजची तोड थोडी थांबवा. मागून येणारा ओघ उगमापाशीच आवरायचा, असा हा उपाय.

चौथा : मधूनच कुणी बाहेर पडले तर? गाडी पंक्चर झाली, ड्रायव्हर जेवायला गेला. वर्तुळाकार क्यूमध्ये मधली नोंद काढणे अवघड असते. सोपा मार्ग म्हणजे नोंद तिथेच ठेवून तिच्यावर रद्दची खूण करायची आणि नंबर आला की तिला ओलांडून पुढे जायचे.

या चारही उत्तरांचा परिणाम प्रत्यक्ष माणसांवर होतो. क्यू लिहिणारा प्रोग्रॅमर नकळत कुणी आधी जायचे आणि कुणी थांबायचे, हे ठरवत असतो. ते नियम सगळ्यांना दिसतील असे लिहिलेले असले, तर वशिल्याला जागा कमी उरते.

व्हॉट्सॲपशी एर्लांग यांचा काय संबंध?

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ मध्ये जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा बनवायला सुरुवात केली. तिचे नाव एर्लांग. त्यात एर्लांग यांचे नाव आहे आणि एरिक्सन लँग्वेज या शब्दांची जुळणीही. १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. २०१२ मध्ये त्यांच्या एकेका सर्व्हरवर एका वेळी २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्या जात होत्या.

या भाषेत काम हजारो, लाखो छोट्या प्रोसेसमध्ये वाटलेले असते. प्रत्येक प्रोसेसची स्वतःची टपालपेटी असते. आलेले निरोप या पेटीत रांगेने पडतात आणि प्रोसेस ते एकेक करून हातावेगळे करते. म्हणजे प्रत्येकाच्या दारात एक क्यू. पण या पेटीला मुळात मर्यादा नसते. निरोप येण्याचा वेग ते निस्तरण्याच्या वेगापेक्षा वाढला की पेटी फुगत जाते आणि शेवटी मेमरी संपून सर्व्हर कोसळू शकतो. तासाला १० गाड्यांच्या गव्हाणीवर ११ गाड्या येत राहिल्या, तर जे होईल तेच. म्हणून या भाषेतही जाणते प्रोग्रॅमर मर्यादा असलेली स्वतःची क्यू लिहितात.

या भाषेसोबत मिळणारी तयार क्यूही पाहण्यासारखी आहे. ती दोन याद्यांची बनलेली असते. कागदांचे दोन गठ्ठे डोळ्यांपुढे आणा. नवा अर्ज आला की डाव्या गठ्ठ्यावर ठेवायचा, काढायचा असेल तर उजव्या गठ्ठ्यावरून घ्यायचा. उजवा संपला की डावा गठ्ठा उलटा करून उजवीकडे ठेवायचा. सगळ्यात जुना अर्ज आपोआप वर येतो. उलटवायला कधीतरी वेळ लागतो, पण प्रत्येक अर्जामागे तो वाटला तर अगदी थोडा पडतो.

एर्लांग यांचा शेवट कसा झाला?

एर्लांग यांनी लग्न केले नाही. रात्री उशिरापर्यंत काम करत आणि मिळकतीतला मोठा भाग पुस्तकांवर खर्च करत. गणित, खगोल आणि भौतिकशास्त्राचा मोठा संग्रह त्यांच्याकडे होता. इतिहास, तत्त्वज्ञान आणि कवितेतही रस होता. गरजू लोक मदत मागायला थेट प्रयोगशाळेत येत आणि एर्लांग गाजावाजा न करता ती देत.

जवळपास २० वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा त्यांनी कधी घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाचे दुखणे उद्भवले, शस्त्रक्रिया झाली, पण ३ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ५१.

१९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेलिफोन सल्लागार समितीने टेलिफोन वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव दिले. एक लाइन तासभर पूर्ण व्यापलेली असली, तर तो एक एर्लांग. वरच्या उदाहरणातली ६० कॉलची वाहतूक म्हणूनच ३ एर्लांग होते. १९४८ मध्ये त्यांचे जीवन आणि लेखन यांवरचा ग्रंथ कोपनहेगन टेलिफोन कंपनीनेच प्रसिद्ध केला. मोबाइल टॉवर आणि कॉल सेंटरची आखणी करताना आजही त्यांची सूत्रे वापरली जातात.

या गणिताच्या मर्यादा कोणत्या?

एर्लांग यांच्या सूत्रांत एक अट गृहीत असते. येणारे एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. प्रत्यक्षात ऊसतोड पहाटे सुरू होते, दुपारपर्यंत गाड्या भरतात आणि संध्याकाळी एकदम यार्डात येतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की सगळे जण एकाच मिनिटाला वेबसाइट उघडतात. फोन लागला नाही की माणूस लगेच पुन्हा लावतो, म्हणजे वाया गेलेला कॉलही परत रांगेत येतो. अशा वेळी प्रत्यक्ष रांग सूत्राने सांगितल्यापेक्षा लांब होते.

म्हणून सूत्र हा शेवटचा शब्द नव्हे, ती सुरुवात आहे. एर्लांग यांनीही आधी एक्स्चेंजमधल्या कॉलची मोजदाद तपासली आणि मग सूत्र मांडले. सातारा-सांगलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल, तर यार्डाच्या गेटवर आठवडाभर वही घेऊन उभे राहता येईल. गाडी कधी आली, ऊस कधी तोडला होता, गाडी कधी रिकामी झाली, हे तीन आकडे लिहायचे. क्यूची रचना त्यानंतर करायची. आधी मोजणी, मग प्रोग्रॅम.